पोलिसांच्या कामगिरीचे मोजमाप: निर्देशकांची निवड, नोंद आणि विश्वासार्हता

प्रस्तावना

शासनाच्या कोणत्याही खात्याचे मूल्यमापन करावयाचे म्हटले की त्याचे काम कशाने मोजावयाचे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. पाणीपुरवठा खात्याने किती गावांत नळ पोहोचविले, हे सांगता येते. बांधकाम खात्याने किती किलोमीटर रस्ता केला, हेही मोजता येते. पोलीस खात्याची अडचण निराळी आहे. त्याच्या यशाचा मोठा भाग न घडलेल्या घटनांमध्ये असतो आणि न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्यामुळे जे वहीत उतरते, म्हणजे दाखल गुन्हे, उघडकीस आलेले गुन्हे, अटक केलेले आरोपी, हस्तगत केलेला मुद्देमाल, त्यावरूनच कामगिरीचे अनुमान करावे लागते. यात दुसरी अडचण अशी की, ती वहीही पोलीस ठाण्यातच लिहिली जाते. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच हाती उत्तरपत्रिका आणि गुणपत्रिका या दोन्ही असाव्यात, अशी ही स्थिती आहे.

पोलिसांच्या कामगिरीचे निर्देशक कसे निवडले जातात, ते कसे प्रसिद्ध केले जातात आणि त्या निवडीचा प्रत्यक्ष कामावर कोणता परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अमेरिका व इंग्लंड येथे पोलिसांच्या आकडेवारीची स्वतंत्र पडताळणी वेळोवेळी झालेली असल्याने तेथील अनुभव प्रथम विचारात घेतला असून त्याच्या प्रकाशात भारतातील स्थिती तपासली आहे.

निर्देशकांचे प्रकार

पोलीस कामगिरीचे निर्देशक स्थूलमानाने चार प्रकारांत मांडता येतात. पहिला प्रकार साधनांचा: मनुष्यबळ, वाहने, लोकसंख्येच्या प्रमाणात पोलिसांची संख्या. दुसरा कृतींचा: नाकाबंदी, छापे, अटका, प्रतिबंधक कारवाया. तिसरा तात्कालिक फलिताचा: उघडकीस आलेले गुन्हे, दाखल दोषारोपपत्रे, परत मिळविलेला मुद्देमाल. चौथा अंतिम परिणामाचा: गुन्ह्यांत झालेली घट, नागरिकांना वाटणारी सुरक्षितता, पोलिसांवरील विश्वास.

यांपैकी पहिले दोन प्रकार मोजावयास सर्वांत सोपे आणि अर्थाने सर्वांत दुबळे. महाराष्ट्रातील उदाहरण घेतल्यास, दारूबंदी कायदा (१९४९) व जुगार प्रतिबंधक कायदा यांखालील गुन्हे बहुतांशी पोलिसांनी स्वतः छापा घातल्यावरच नोंदले जातात. एखाद्या तालुक्यात असे गुन्हे वाढले तर तेथे दारू व जुगार वाढला, असा अर्थ होत नाही. छापे वाढले, एवढाच होतो. याउलट घरफोडी किंवा जबरी चोरीचा गुन्हा पीडिताच्या फिर्यादीवरून दाखल होतो. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जात असले, तरी त्यांचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. एक आकडा पोलिसांची हालचाल सांगतो, तर दुसरा नागरिकांवर ओढवलेला प्रसंग.

तिसऱ्या प्रकारातील निर्देशकांत भागाकार असतो आणि छेद कोणता घेतला यावर उत्तर अवलंबून राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पद्धतीनुसार दोषारोपपत्राचे प्रमाण हे पोलिसांनी त्या वर्षी तपास पूर्ण करून निकाली काढलेल्या प्रकरणांवर काढले जाते, दाखल झालेल्या सर्व प्रकरणांवर नव्हे. तसेच दोषसिद्धीचे प्रमाण न्यायालयात त्या वर्षी सुनावणी पूर्ण झालेल्या खटल्यांवर काढले जाते. वर्षानुवर्षे प्रलंबित राहिलेले तपास व खटले या दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहतात. शिवाय दोषसिद्धी ही केवळ तपासी अधिकाऱ्याच्या हातची गोष्ट नाही. साक्षीदार फितूर होणे, सरकारी अभियोक्त्यांची कमतरता, न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल लांबणे, ही सर्व कारणे त्या एका टक्केवारीत मिसळलेली असतात.

नोंद: साखळीचा पहिला दुवा

या सर्व आकड्यांच्या मुळाशी एकच क्षण आहे. पीडित व्यक्ती ठाण्यात येते आणि ठाणे अंमलदार तिचे म्हणणे ऐकून ते कोणत्या रकान्यात लिहावयाचे हे ठरवितो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती प्रथम माहिती अहवाल म्हणून नोंदविली जाते, तर अदखलपात्र गुन्ह्याची माहिती कलम १७४ नुसार वेगळ्या नोंदवहीत जाते. या दुसऱ्या प्रकारात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मोबाईल चोरीला गेल्याची तक्रार 'मोबाईल गहाळ झाला' अशी लिहिली गेली, तर गुन्हाच उरत नाही. मारहाणीतील दुखापत किरकोळ ठरविली गेली, तर प्रकरण अदखलपात्र होते. पुढील टप्प्यावरही असेच पर्याय असतात. तपासाअंती आरोपी न सापडल्यास महाराष्ट्रात 'अ' समरी, तक्रार हेतुपुरस्सर खोटी आढळल्यास 'ब' समरी आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून केलेली आढळल्यास 'क' समरी मागितली जाते. 'अ' समरीने न उलगडलेला गुन्हा तक्त्यात राहतो. 'ब' किंवा 'क' समरीने त्याचे गुन्हा म्हणून असलेले अस्तित्वच संपते.

यातील प्रत्येक निर्णय प्रामाणिकपणेही घेतला जाऊ शकतो. परंतु मासिक गुन्हे आढावा बैठकीत मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना होऊन 'तुमच्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या?' असा जाब विचारला जाणार असेल, तर शंकास्पद प्रकरण कोणत्या रकान्याकडे झुकेल, हे सांगण्यास फारशा संशोधनाची गरज नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) गुन्हे न नोंदविण्याच्या या प्रवृत्तीची गंभीर दखल घेतली होती. म्हणजे ही व्याधी नवी नाही आणि केवळ व्यक्तीच्या सचोटीशी निगडित नाही. ती मोजमापाच्या रचनेतून उद्भवते.

वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क

या रचनेचा अभ्यास अमेरिकेत १९७० च्या दशकातच झाला. रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने राजधानी वॉशिंग्टन येथील गुन्हेगारी कमी करून दाखविणे हा प्रतिष्ठेचा प्रश्न केला होता. त्या काळच्या राष्ट्रीय गुन्हे निर्देशांकात पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचीच चोरी गणली जात असे. डेव्हिड सीडमन व मायकेल कझन्स यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राजकीय दबाव वाढल्यानंतर पन्नास डॉलरच्या किंचित खाली मूल्य दाखविलेल्या चोऱ्यांचे प्रमाण कसे वाढले, हे दाखवून दिले. चोरांच्या सवयी बदलल्या नव्हत्या. वस्तूंची किंमत ठरविणारी लेखणी बदलली होती. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी याच काळात मांडलेल्या तत्त्वाला अशा उदाहरणांचा आधार होता. एखादा संख्यात्मक निर्देशक सामाजिक निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जाईल, तितका तो दूषित होण्याचा आणि ज्या प्रक्रियेचे तो मोजमाप करतो तीच प्रक्रिया बिघडविण्याचा संभव वाढतो, असे हे तत्त्व आहे.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन व त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी 'कॉम्पस्टॅट' ही पद्धती सुरू केली. प्रत्येक विभागातील ताज्या गुन्ह्यांचे नकाशे समोर ठेवून विभागप्रमुखाला नियमित बैठकीत उत्तर द्यावे लागे. शहरातील खुनांची संख्या १९९० मध्ये २,२४५ होती. १९९८ मध्ये ती ६३३ झाली. या यशात पोलिसांचा वाटा किती, याविषयी मतभेद असले तरी पद्धतीचे अनुकरण अनेक शहरांनी केले. त्याचबरोबर शंकाही वाढल्या. जॉन एटर्नो व एली सिल्व्हरमन यांनी निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सर्वेक्षण करून, आकडे सौम्य करण्याच्या दबावाचे अनुभव २०१० मध्ये पुढे आणले. पोलीस आयुक्तांनी २०११ मध्ये नेमलेल्या समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात वर्गीकरणातील चुकांचा प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांवर लक्षणीय परिणाम होऊ शकतो, असे नमूद केले.

मग न्यूयॉर्कमधील घट खरी की कागदोपत्री? या प्रश्नाचे उत्तर ज्या मार्गाने मिळाले, तो येथे विशेष महत्त्वाचा आहे. फ्रँकलिन झिमरिंग यांनी पोलिसांचे खुनाचे आकडे आरोग्य खात्याच्या मृत्यूनोंदींशी आणि वाहनचोरीचे आकडे विमा कंपन्यांकडील दाव्यांशी ताडून पाहिले. दोन्ही ठिकाणी मोठी घट खरी ठरली. म्हणजे काही नोंदींत फेरफार झाले असणे आणि एकंदर घट खरी असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकतात. परंतु पोलिसांची खरी कामगिरीही सिद्ध झाली ती पोलिसांच्या वहीतून नव्हे, तर तिऱ्हाइताच्या वहीतून.

इंग्लंड व वेल्स: लक्ष्यांचा काळ

इंग्लंडमध्ये हाच प्रयोग राष्ट्रीय पातळीवर झाला. १९९४ च्या कायद्याने गृहमंत्र्यांना पोलिसांसाठी राष्ट्रीय उद्दिष्टे ठरविण्याचा अधिकार मिळाला आणि पुढील दशकात लक्ष्यांची संख्या वाढत गेली. त्यांपैकी एक लक्ष्य उद्बोधक आहे. २००७–०८ पर्यंत दरवर्षी साडेबारा लाख गुन्ह्यांचा 'न्यायनिवाडा' व्हावा, असे ठरले. या गणतीत गंभीर मारहाण आणि शाळकरी मुलांची किरकोळ झटापट यांचे मूल्य समान होते. गंभीर गुन्ह्याच्या तपासाला महिने लागतात, तर गांजा बाळगणाऱ्यास ताकीद देण्यास काही मिनिटे पुरतात. परिणामी किरकोळ गुन्ह्यांवरील दंड व ताकिदी वाढल्या आणि प्रथमच फौजदारी व्यवस्थेत ओढल्या गेलेल्या अल्पवयीन मुलांची संख्याही वाढली. लक्ष्य गाठले गेले. परंतु त्याची किंमत ज्या मुलांच्या नावावर पोलिसी नोंद लागली त्यांनी मोजली.

२०१० मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी उरलेली राष्ट्रीय लक्ष्ये रद्द केली. तरीही नोंदीचा प्रश्न मिटला नाही. संसदेच्या समितीपुढे २०१३ मध्ये सेवेतील व निवृत्त पोलिसांनी साक्षी दिल्या. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाने सर्व ४३ पोलीस दलांची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला. नोंदवावयास हवे होते अशांपैकी १९ टक्के गुन्हे, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक, नोंदलेच गेले नव्हते. हिंसक गुन्ह्यांत हे प्रमाण ३३ टक्के, तर लैंगिक गुन्ह्यांत २६ टक्के होते. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या दर चार व्यक्तींमागे एकीचे म्हणणे गुन्हा म्हणून कागदावर उतरलेच नाही, असा या टक्केवारीचा अर्थ आहे.

हे सारे उघडकीस येऊ शकले, कारण इंग्लंड व वेल्समध्ये १९८२ पासून पीडितांचे स्वतंत्र सर्वेक्षण होत आले आहे. त्यात घरोघरी जाऊन मागील वर्षभरात आलेले गुन्ह्याचे अनुभव विचारले जातात. पोलिसांत तक्रार केली अथवा नाही, याने गणती बदलत नाही. हे सर्वेक्षणही परिपूर्ण नाही. खून झालेली व्यक्ती उत्तर देऊ शकत नाही, बेघर व्यक्ती नमुन्यात येत नाहीत. परंतु दोन स्वतंत्र मोजमापांतील अंतर वाढू लागले की कोठेतरी पाणी मुरते आहे, हे कळते.

भारतातील स्थिती

भारतात गुन्हेविषयक राष्ट्रीय वार्षिक अहवाल १९५३ पासूनच्या आकडेवारीचा उपलब्ध आहे आणि १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो प्रसिद्ध करतो. महाराष्ट्रापुरता असाच अहवाल पुणे येथील राज्य गुन्हे अन्वेषण विभाग तयार करीत आला आहे. राष्ट्रीय अहवालात 'गुन्ह्यांत वाढ' आणि 'गुन्ह्यांच्या नोंदीत वाढ' या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट बजावलेले असते. तथापि अहवाल प्रसिद्ध झाल्यावर वृत्तपत्रांत राज्यांची क्रमवारीच छापली जाते आणि विधिमंडळातील चर्चाही त्या क्रमवारीवरच होते.

या क्रमवारीचा फोलपणा दिल्लीच्या उदाहरणावरून लक्षात येतो. दिल्लीत भारतीय दंड संहितेखालील नोंद गुन्हे २०१३ मध्ये सुमारे ८० हजार होते. २०१४ मध्ये ते १ लाख ५५ हजारांवर आणि २०१५ मध्ये १ लाख ९१ हजारांवर गेले. दोन वर्षांत एखाद्या शहराची गुन्हेगारी दुपटीहून अधिक वाढत नसते. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला होता. त्यापाठोपाठ दिल्ली पोलिसांनी मुक्त नोंदीचे धोरण स्वीकारले आणि चोरीच्या तक्रारींसाठी संगणकीय नोंदणी सुरू केली. नोंद प्रामाणिक होऊ लागली, म्हणून आकडा वाढला. परंतु केवळ तक्ता पाहणाऱ्यास दिल्ली अधिक असुरक्षित झाल्याचे दिसले. केरळची गोष्टही याच जातीची आहे. दर लाख लोकसंख्येमागे नोंद गुन्ह्यांचे केरळमधील प्रमाण वर्षानुवर्षे देशात वरच्या क्रमांकात राहिले आहे, पण त्यामागे साक्षर समाज, ठाण्यापर्यंत सहज पोहोच आणि नोंद करण्याची शिस्त ही कारणे असल्याचे अभ्यासक सांगतात. प्रामाणिकपणाला शिक्षा आणि टाळाटाळीला बक्षीस देणारी ही क्रमवारी आहे.

कायद्याने या प्रश्नाला काही उत्तरे दिली आहेत. लैंगिक गुन्ह्यांची माहिती न नोंदविणारा लोकसेवक २०१३ च्या दुरुस्तीने शिक्षेस पात्र ठरला आणि ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने हद्दीबाहेरील गुन्ह्याचीही नोंद घेणे बंधनकारक केले. त्याच वेळी, तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही दिली. ही मुभा तपासाच्या सोयीसाठी आहे की नोंद लांबविण्यासाठी, हे तिच्या वापरावरून ठरेल. आणि तो वापर तपासावयाचा तर अशा चौकशांची संख्या व त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावयास हवेत.

पीडितांच्या नियमित राष्ट्रीय सर्वेक्षणाची परंपरा मात्र भारतात रुजलेली नाही. काही संस्थांनी स्वतंत्र प्रयत्न केले. २०१५ मध्ये दिल्ली व मुंबई या शहरांविषयीचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यानंतर दिल्ली, मुंबई, चेन्नई व बंगळूरू येथील वीस हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. चोरीसारख्या गुन्ह्यांचा फार मोठा भाग प्रथम माहिती अहवालापर्यंत पोहोचतच नाही, असे या प्रयत्नांतून दिसले. मात्र एकदाच केलेल्या पाहणीवरून प्रवाह कळत नाही. ताप एकदा मोजून आजाराचा क्रम समजत नाही, तसेच हे आहे.

अहवाललेखनातील काही दोष

आकडे प्रामाणिक असले तरी ते मांडण्याच्या पद्धतीमुळे दिशाभूल होऊ शकते. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असता राष्ट्रीय अहवालात ती घटना सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली एकदाच गणली जाते. बलात्कार करून खून केल्याची घटना खुनात जाते आणि बलात्काराच्या रकान्यात दिसत नाही. महानगरांचे गुन्हेप्रमाण काढताना २०२२ च्या अहवालापर्यंतही २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या छेदस्थानी होती. त्यामुळे झपाट्याने वाढलेल्या शहरांचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दिसते. लहान ठाण्याच्या हद्दीत दोन खुनांचे तीन झाले की 'पन्नास टक्के वाढ' असे लिहिले जाते. संख्या इतकी अल्प असताना टक्केवारी निरर्थक असते. कायदा बदलला की तुलनाही तुटते. उदाहरणार्थ, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा झाला असल्याने चोरी व जबरी चोरी यांच्या आधीच्या आकड्यांशी नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून मोजमापच सोडून द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. आकड्यांवाचून जबाबदारी निश्चित करता येत नाही आणि नागरिकाच्या हाती वशिला व अफवा एवढेच उरते. निष्कर्ष निघतो तो असा की, मोजणारा हात आणि ज्याची परीक्षा होते तो हात वेगळे असावयास हवेत.

त्यासाठी काही गोष्टी आवश्यक ठरतात. दाखल गुन्ह्यांची संख्या हा ठाण्याच्या यशापयशाचा निकष असू नये. नियंत्रण कक्षात आलेले दूरध्वनी आणि प्रत्यक्ष नोंदी यांची नमुना-तपासणी करून ठरविलेली नोंदीची अचूकता हा निकष असावा. खून व वाहनचोरी यांसारख्या गुन्ह्यांची पडताळणी रुग्णालये, मृत्यूनोंदणी आणि विमा यांच्या नोंदींशी व्हावी. पीडितांचे सर्वेक्षण पोलिसांबाहेरील सांख्यिकी यंत्रणेने ठरावीक कालांतराने करावे. प्रत्येक प्रसिद्ध आकड्यासोबत त्याचा छेद, व्याख्या आणि व्याख्येतील बदल छापले जावेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात राज्य सुरक्षा आयोगांकडे पोलीस दलाच्या कामगिरीचे मूल्यमापन सोपविले होते. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने असा आयोग स्थापण्याची तरतूद झाली आहे. नवी संस्था उभारण्यापेक्षा या आयोगांना स्वतंत्र आकडेवारी पुरविणे आणि त्यांचे अहवाल लोकांपुढे ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल.

महाविद्यालयांचा समाजशास्त्र, संख्याशास्त्र वा राज्यशास्त्र विभाग आपल्या तालुक्यापुरते पीडित-सर्वेक्षण शिस्तीने करू शकतो. त्यास मोठ्या निधीची आवश्यकता नसते. दरवर्षी तीच प्रश्नावली वापरली, उत्तरदात्याची ओळख गुप्त ठेवली आणि निष्कर्ष पोलीस अधीक्षकांपुढे तसेच जनतेपुढे ठेवले, तर ठाण्याच्या वहीला तुलनेसाठी दुसरी वही मिळेल. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे लिहून घेतले गेले की नाही, हे अखेर त्या माणसालाच विचारावे लागते.